आपलें बावखल

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण. स्मरणिकेसाठीं थोडा फेरफार करून येथें छापिलें आहे.)



सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत बोलणाऱ्यानें गेल्या पन्नास वर्षांतील धर्मगुरूंचीं नांवें आदरानें घ्यावीं, देवळाच्या बांधकामास कोणीं किती हातभार लाविला तें सांगावें, आणि शेवटीं सर्वांचे आभार मानून खालीं बसावें, अशी रीत आहे. तें काम आमच्या आधींच्या वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलें असल्यामुळें आम्हांस मोकळीक मिळाली आहे. महोत्सव मंडळानें आमच्या वाट्यास जो विषय दिला तो देवळाच्या भिंतीबाहेरचा आहे. पण फार दूरचा नव्हे. मागल्या दारानें उतरून चिंचेखालून चाळीसपन्नास पावलें गेलें कीं तो समोर पसरलेला दिसतो. आम्ही आपल्या बावखलाविषयीं बोलणार आहों.

आज पाहुणे पुष्कळ आले आहेत, आणि मुंबईहून आलेल्या कित्येकांस बावखल हा शब्दच ठाऊक नसेल. वसईच्या पश्चिम पट्ट्यांत वाडीवाल्यांनीं आपल्या वाडीला पाणी देण्यासाठीं जीं उथळ व पसरट तळीं हातानें खणलीं, त्यांस बावखल म्हणतात. त्याला विहिरीसारखा कठडा नसतो, कीं तलावासारखा धरणबंध नसतो. एका बाजूस पाण्यापर्यंत उतरती वाट, दुसऱ्या बाजूस रहाटाची बैठक, कांठावर माड, केळी, एखादें उंबराचें झाड. इतकाच त्याचा थाट. सोपाऱ्याचें चक्रेश्वर तळें किंवा निर्मळचें विमल सरोवर यांच्याभोंवतीं पुराणें आहेत, यात्रा आहेत, दूरदूरचे लोक तेथें येतात. बावखलाला पुराण नाहीं. १५३४ सालच्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्यें चिमाजीआप्पांनीं ती घेतली, १८०२ सालीं याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला. त्या तहांत कोणीं काय दिलें आणि काय घेतलें हें शाळेंत शिकविलें जातें. बावखलें कोणीं खणलीं हें शिकविलें जात नाहीं.

परंतु ज्यांनीं तीं खणलीं त्यांस जमिनीखालच्या पाण्याचें मर्म कळलें होतें, आणि तें मर्म नीट समजल्याखेरीज पुढली हकीकत ध्यानांत यावयाची नाहीं. म्हणून येथें थोडें थांबावें लागतें.

आपल्या पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख. तीन बाजूंनीं खारें पाणी असतां मध्यें केळी, पानवेल, मोगरा आणि सोनचाफा पिकतो, हें नवल कशामुळें घडतें? आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तें गोडें पाणी रेताड जमिनींत मुरतें आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें, जसें ताकावर लोणी. एक लिटर समुद्राचें पाणी एक लिटर गोड्या पाण्याहून सुमारें पंचवीस ग्रॅमांनीं जड भरतें, आणि एवढ्याशा भेदावर किनाऱ्यावरच्या सगळ्या विहिरी जगतात. हॉलंडांतील बॅडन गायबेन आणि जर्मनींतील हर्ट्झबर्ग या दोघां अभियंत्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभीं याचा हिशेब मांडला. तो असा कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक हात असेल तर सपाटीच्या खालीं सुमारें चाळीस हातांपर्यंत गोडें पाणी असतें. आतां हाच हिशेब उलट वाचून पाहा. वरची पातळी उपशानें एक हात उतरली, तर खालचें खारें पाणी चाळीस हात वर सरकूं पाहतें. हें गणित कागदावरचें आहे, जमिनीच्या थरांप्रमाणें त्यांत कमीअधिक होतें, हें कबूल. पण ज्याची विहीर एका उन्हाळ्यांत गोडाची मचूळ झाली त्याला या गणिताची प्रचीति घरबसल्या आली आहे.

बावखल उथळ आणि रुंद कां, याचें उत्तर यांतच आहे. तें वरवरचें पाणी घेतें, खालच्यास धक्का लावीत नाहीं. रहाटाला जुंपलेला बैल किंवा रेडा फिरफिरून फिरणार किती? दिवसभरांत जेवढें पाणी माळेच्या लोट्यांतून वर येई, तेवढें रात्रीं झऱ्यांनीं भरून निघे. पावसाळ्यांत वाडीचें पाणी बावखलांत उतरे आणि तेथून सावकाश जमिनींत मुरे, तें आसपासच्या विहिरींस पुरे. वैशाखांत पाणी तळाला गेलें कीं घरचीं माणसें गाळ काढून केळीच्या आळ्यांत घालीत. खत निराळें आणावें लागत नसे. आमच्या लहानपणीं गाळ काढण्याचा दिवस म्हणजे सणच होता. सायंकाळीं पायांना चिकटलेला काळा चिखल साबणानेंहि निघत नसे, आणि दुसऱ्या दिवशीं मिस्सेला तसेंच जावें लागे.

मग विजेचे पंप आले. त्यांस दोष देणें सोपें आहे, पण रहाटामागें पहाटे चारला उठणाऱ्या आपल्या वडिलांस विचारलें असतें तर त्यांनीं पंपाला हारच घातला असता. रहाट मोडून सरपणांत गेला. पंपापाठोपाठ कूपनलिका आल्या, त्या खोल गेल्या. रेल्वेच्या पूर्वेस व कडेनें वस्ती वाढली, तिला पाणी पुरेना, तेव्हां वाड्यांतील विहिरींतून टँकर भरूं लागले. पाणी विकण्यांत केळीं विकण्याहून अधिक मिळूं लागलें. या उपशाविरुद्ध आणि एकंदर हिरव्या पट्ट्याच्या रक्षणासाठीं जें आंदोलन गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत उभें राहिलें, त्याची आठवण येथें बसलेल्या वडीलधाऱ्यांस आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलेलें आहे. २०२० सालीं ते तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव, येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि २०२४ च्या जुलैंत ते निवर्तले. त्यांच्या मोर्चांत आपल्या गांवचे लोक होते. आम्हीहि होतों. घोषणा दिल्या, घसा बसला, आणि घरीं येऊन आम्हीं आमच्या बावखलांत केळीच्या पानांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्याहि टाकिल्या. हें आम्ही कोणास टोचून बोलावें म्हणून सांगत नाहीं; घडलें तसें सांगतों.

सूर्या धरणाचें पाणी नळानें आलें, आणि बावखलाची उरलीसुरली गरज संपली. ज्या वस्तूची गरज संपते तिची आधीं नजर चुकते, मग तिचें नांव बदलतें. चार वर्षांपूर्वीं महोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक भरली, तेव्हां विषयपत्रिकेवर सातवा विषय होता: ‘मागील खड्डा भरून वाहनें उभीं करण्याची सोय करणें.’ चिटणीसपण त्या वेळीं आमच्याकडे असल्यामुळें ‘खड्डा’ हा शब्द आम्हींच लिहिला होता. आणि खरोखरीच तो तसा दिसत होता. जलपर्णीनें पाणी झाकलें होतें. एका कोपऱ्यांत घरांच्या बांधकामाचा राडारोडा. दुसऱ्या कोपऱ्यांत सणाच्या मांडवांतील कागदी फुलें, थर्मोकोल आणि जेवणावळींच्या पत्रावळी. २०१५ सालीं दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं ‘लाउदातो सी’ हें विश्वपत्र काढिलें. सुरक्षित पिण्याचें पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. आपल्याकडे त्यावर व्याख्यान झालें, चहापान झालें, आणि चहाचे कागदी पेले कोठें गेले तें आतां सांगण्याची गरज नाहीं.

ठराव मांडला गेला. हात वर झाले. आमचाहि हात वर होता. तेवढ्यांत मागल्या बांकावरून एक वयोवृद्ध बाई उठल्या. गांवांतील लहानथोर सारेच त्यांस आजी म्हणतात, आणि त्यांचें नांव छापलेलें त्यांस आवडणार नाहीं, म्हणून आम्हीहि आजीच म्हणतों. त्यांचें घर बावखलाच्या कांठीं, आणि त्यांनीं नळाचें पाणी घेतलें असलें तरी पिण्यास त्या विहिरीचेंच वापरतात. त्या म्हणाल्या, "माझी विहीर त्या बावखलावर जगते. तें बुजवा, मी काय अडवणार? पण पुढच्या उन्हाळ्यांत विहीर आटली कीं माझ्या घरीं रोज दोन घागरी कोण आणून देणार, त्याचं नांव आत्तांच लिहून ठेवा." एवढें बोलून त्या आमच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, कारण लेखणी आमच्या हातांत होती.

नांव सांगावयास कोणी पुढें येईना. अध्यक्षांनीं विषय पुढल्या बैठकीवर टाकिला. इतिवृत्तांत ती ओळ अजून कोरी आहे. ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं कचेरींत येऊन पाहावी.

पुढल्या बैठकीच्या आधीं दोघां तरुणांनीं, त्यांपैकीं एक महाविद्यालयांत रसायन शिकतो, आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याचा खारटपणा मोजून आणिला. जी विहीर बावखलाला जितकी जवळ तितकें तिचें पाणी गोड, आणि ज्या वाडींतलें बावखल पूर्वींच बुजविलें गेलें तेथल्या विहिरींचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, असें त्यांस आढळलें. तेव्हां २०१८ सालचा जुलै महिनाहि लोकांस आठवला. त्या वर्षीं वसई, नालासोपारा, विरार या भागांत पाणी भरून आगगाड्या थांबल्या, मिठागरांच्या वस्तींत माणसें अडकून पडलीं. एकट्या बावखलांच्या बुजण्यानें तो पूर आला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पाणथळ जागीं झालेलीं बांधकामें, अरुंद झालेले ओढे आणि समुद्राची भरती हीं कारणें मोठीं आहेत. तरी जें पाणी पूर्वीं वाडींतल्या वाडींत थांबत असे तें आतां थांबावयास जागा शोधीत आपल्या ओटीवर येतें, हें तर प्रत्येकानें डोळ्यांनीं पाहिलें. ठराव रद्द झाला. त्याच्या जागीं दुसरा मंजूर झाला कीं महोत्सवापूर्वीं बावखल पूर्ववत् करावें. ठराव एकमतानें झाला. कामाला किती आले तें पुढें सांगतों.

पहिली अडचण मालकीची. अर्धें बावखल देवळाच्या जमिनींत आणि उरलेलें एका मूळ पुरुषाच्या चौदा वारसांच्या नांवें. त्यांतले पांच गांवांत, सहा मुंबईस, तीन परदेशीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत तीं सारीं नांवें एकाखालीं एक गुण्यागोविंदानें नांदतात. प्रत्यक्षांत एकाचें उत्तर यावयास सात महिने लागले. येथें कायद्याचीहि थोडी मौज सांगण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं हिंचलाल तिवारी यांच्या दाव्यांत निर्णय दिला कीं तळीं ही समाजाची संपत्ति होय आणि गांवतळ्याची जमीन घरांसाठीं वाटून देतां येणार नाहीं. मोठा निर्णय, पण तो सार्वजनिक तळ्याचा. आपलें बावखल खाजगी. पाणथळ जागांच्या रक्षणाचे केंद्र सरकारचे नियम २०१७ सालीं नव्यानें निघाले. त्यांत मुद्दाम सिंचनासाठीं माणसानें बांधलेल्या जलाशयांस वगळलें आहे. आपलें बावखल नेमकें त्याचसाठीं खणलेलें. २०२२ च्या एप्रिलांत अमृत सरोवर योजना निघाली, प्रत्येक जिल्ह्यांत पंचाहत्तर तळीं. परंतु तळें निदान एक एकराचें हवें. आपलें त्याच्या निम्म्यानेंहि भरत नाहीं. अशा रीतीनें प्रत्येक छत्रीखालीं जाऊन आम्ही भिजतच बाहेर आलों. एका कचेरींत तर आमचा अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनीं विचारलें, "हें नक्की विहीर आहे, तळें आहे कीं डबकें? रकाना कोणता भरूं?" आम्ही त्यांस हंसलों नाहीं, कारण ‘खड्डा’ लिहिणारे आम्हीच.

सारांश, सरकार करील म्हणून थांबण्यांत अर्थ नव्हता, आणि सरकार अडवील अशीहि भीति नव्हती. वारसांच्या लेखी संमतीची वाट पाहत असतांच कामास हात घातला.

पहिल्या उन्हाळ्यांत जलपर्णी काढिली. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति. जांभळ्या फुलाच्या शोभेसाठीं माणसानेंच जगभर नेली. अनुकूल हवेंत दोनएक आठवड्यांत ती दुप्पट होते, पाण्यावर उजेड पडूं देत नाहीं, खालच्या माशांचा श्वास कोंडते, आणि तिचें बीं चिखलांत पंधरावीस वर्षें जिवंत राहूं शकतें. पहिल्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर साठांवर माणसें उतरलीं. दुसऱ्या रविवारीं तीस. तिसऱ्या रविवारीं क्रिकेटचा सामना होता. शेवटपर्यंत टिकलीं तीं दहाबारा माणसें, आणि त्यांत बायकांची संख्या अधिक होती हें सांगणें आमचें कर्तव्य आहे. केळीच्या खुंटांचे तराफे करून, दोर लावून, आम्हीं सगळी जलपर्णी कांठावर ओढिली. बांधाच्या हद्दीवरून ज्या दोन घराण्यांत आमच्या आठवणीपासून बोलणें नाहीं, त्यांचे दोघे पुरुष एकाच दोराच्या दोन टोकांस होते. तीं घराणीं आजहि एकमेकांशीं बोलत नाहींत. पण दोर सुटला नाहीं. शेजारच्या आळींतील आगरी व भंडारी बंधु न बोलावतां आले. त्यांच्या आळींतील विहिरीहि याच पाण्यावर जगतात हें त्यांस आमच्या आधीं समजलें होतें. पाणी मोकळें झालें, छायाचित्रें निघालीं, वर्तमानपत्रांतहि चार ओळी आल्या. ओढलेली जलपर्णी आम्हीं कांठावरच रचून ठेविली होती. जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत पाऊस कोसळला, ढीग ढासळून पाण्यांत गेला, आणि गणेशचतुर्थीपर्यंत बावखल पुन्हां जसेंच्या तसें हिरवें झालें.

दुसऱ्या उन्हाळ्यांत शहाणपण आलें. काढलेली जलपर्णी लगेच वाडींत नेऊन शेणाबरोबर खड्ड्यांत कुजविली. तिचें खत उत्तम झालें. पण एक शहाणपण आलें म्हणजे सगळीं येतात असें नाहीं. गाळ फार सांचला होता. राडारोड्यानें हातकुदळ चालेना, म्हणून खणण्याचें यंत्र आणिलें. यंत्राचें भाडें तासावर असतें. आम्ही कांठावर उभे राहून चालकास सांगत होतों, जितकें खोल जाईल तितकें जाऊं दे, पाणी अधिक मावेल. एक जुने वाडीवाले काका पलीकडून हात हलवून कांहीं ओरडत होते. यंत्राच्या घरघरींत ऐकूं आलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर ऐकण्याची फारशी इच्छाहि नव्हती. पुढल्या वर्षीं पाणी खरोखर अधिक मावलें. पौषांत तें गोड होतें. फाल्गुनांत मचूळ लागूं लागलें. चैत्रांत त्याच पाण्यावरच्या केळींचीं पानें कडेनें करपलीं, आणि आजींच्या विहिरीच्या पाण्यानें डाळ शिजेना. काका ओरडत होते तें इतकेंच, कीं पिवळी वाळू लागली म्हणजे थांबा. आम्ही पिवळ्या वाळूच्या खालीं कितीतरी गेलों होतों. ज्या हिशेबाचें वर्णन आम्हीं भाषणाच्या आरंभीं मोठ्या रुबाबानें केलें, तो आम्हांस त्या उन्हाळ्यांत शिकावा लागला.

त्या दिवसांत आम्ही आजींच्या घरीं गेलों. ओटीवर बसविलें, चहा दिला. चहा किंचित् खारट होता. त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि आम्हींहि कप पुरा केला. इतिवृत्तांतल्या त्या कोऱ्या ओळींत कोणाचें नांव लिहावयाचें तें आम्हांस त्या दिवशीं कळलें, आणि पावसाळा लागेपर्यंत आमच्या घरचा मुलगा रोज सकाळीं नळाच्या दोन घागरी तेथें पोंचवीत असे.

तिसरा उन्हाळा चूक निस्तरण्यांत गेला. नको तितका खोल झालेला डोह वाळू व चिकणमाती घालून पुन्हां उथळ केला. या वेळीं काका खुर्ची टाकून कांठावर बसले होते आणि त्यांनीं सांगितल्यावांचून एक पाटीहि टाकिली नाहीं. उतरती वाट दगडांनीं बांधून काढिली. कांठावर वाळा लाविला. डांसांसाठीं गप्पी मासे सोडिले. पण याहून अवघड काम पाण्याबाहेरचें होतें. बावखलाला चहूंकडून किती घरांचें सांडपाणी मिळतें तें शोधावयास रसायनवाला मुलगा निघाला, आणि त्यानें ज्या नऊ नळ्या शोधल्या त्यांतली चौथी आमच्या घराची निघाली. शौचकूपाची टाकी भरली म्हणजे वरचें पाणी मुकाट्यानें बावखलांत जावें अशी सोय घर बांधतांना गवंड्यानें करून दिली होती, आणि वीस वर्षांत आम्हीं कधीं मागल्या बाजूस जाऊन पाहिलें नव्हतें. साबणाच्या व मैल्याच्या पाण्यांतला नत्र आणि स्फुरद हाच जलपर्णीचा आहार. तो चालू ठेवून जलपर्णी उपसणें म्हणजे चूल पेटती ठेवून उतू जाणारें दूध फुंकणें. आतां सात घरांनीं नळ्या बंद केल्या आहेत. न्हाणीचें व भांड्यांचें पाणी कर्दळीच्या वाफ्यांत सोडिलें आहे, टाक्या वेळच्यावेळीं गाडी बोलावून उपसविल्या जातात. हा खर्च दरसाल लागतो आणि तो ज्याचा त्यानें करावयाचा आहे, हें येथें स्पष्ट सांगितलेलें बरें. दोन नळ्या अजून चालू आहेत. त्या कोणाच्या तें आम्हीं सांगणार नाहीं. त्यांस ठाऊक आहे.

आज काय स्थिति आहे? यंदा वैशाखाच्या मध्यापर्यंत बावखलांत पाणी राहिलें. आजींच्या विहिरीचें पाणी गोड झालें आहे. डाळ शिजते, अशी वर्दी त्यांनीं स्वतः देवळांत येऊन दिली. तिच्या पलीकडची विहीर मात्र अजून मचूळच आहे. तेथल्या कूपनलिकेंतून होणारा उपसा थांबला नाहीं तोंवर ती सुधारेल असें आम्हांस वाटत नाहीं. खंड्या पुन्हां दिसूं लागला आहे, आणि संध्याकाळीं बगळे उतरतात. जलपर्णीचे चार झुबके गेल्या महिन्यांत पुन्हां निघाले, ते त्याच दिवशीं उपटले. चिखलांत बीं आहे. आमच्या हयातींत हें काम संपेल असें दिसत नाहीं.

राजस्थानांत अलवर जिल्ह्यांत १९८५ पासून राजेंद्रसिंह आणि त्यांच्या गांवकरी सोबत्यांनीं जुने जोहड पुन्हां खणून कोरड्या पडलेल्या प्रदेशांत पाणी आणिलें, आणि २००१ सालीं त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तें काम शेंकडों गांवांचें आहे. त्याच्याशीं आपल्या अर्ध्या एकराची तुलना करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु तेथेंहि वर्षानुवर्षें डागडुजी गांवानेंच करावी लागते, एवढी गोष्ट दोहींकडे सारखी आहे. तशी तजवीज आपल्याकडे अद्याप झालेली नाहीं. आपल्या ईस्ट इंडियन बांधवांत लग्नाच्या वेळीं वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणण्याची चाल आहे. यंदा आपल्या गांवांत मुंबईकडची एक सून आली, तेव्हां तिच्या माहेरच्यांनीं विचारलें, पाणी कोठून आणावयाचें? नळावर वाजंत्री नेणें बरें दिसेना. वरात आजींच्या विहिरीवर गेली. आजींनीं स्वतः पहिला पोहरा ओढिला, आणि वाजंत्रीवाल्यांस दम दिला कीं विहिरीजवळ चपला घालून उभें राहूं नका.

आतां कामाचें बोलून पुरें करितों. चौदा वारसांपैकीं बारांनीं संमतिपत्रावर सही केली आहे. बावखल कधींहि बुजवूं नये, त्यांतून पंपानें पाणी उपसून विकूं नये, आणि दर वैशाखांत गाळ काढण्यास गांवास येऊं द्यावें, एवढीच त्यांत कलमें आहेत. उरलेले दोघे आज या मंडपांत आहेत असें आम्हांस समजतें. महोत्सवासाठीं ते दूरवरून आले याचा आम्हांस खरोखर आनंद आहे. जमिनीला आज जो भाव आहे तो आम्हांस माहीत आहे, आणि त्यावर सोडाचिठ्ठी देणें ही लहान गोष्ट नव्हे हेंहि आम्ही जाणतों. कागद आमच्यापाशीं आहे. जेवणानंतर आम्ही मागल्या चिंचेखालीं बसूं. काकांनीं आपली खुर्चीहि तेथेंच टाकिली आहे. त्या दोघांनीं आधीं बावखल एकदां फिरून पाहावें, कांहीं विचारावयाचें असल्यास काकांस विचारावें, आणि मग काय तें ठरवावें. बाकीच्यांसाठीं सूचना अशी कीं येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर पश्चिमेकडचा कांठ साफ करावयाचा आहे. कुदळी आहेत, पाट्या कमी पडतात, त्या ज्याच्या त्यानें आणाव्या.